मुलाखतीच्या खोलीतली धडधड

१९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी बसवली. धडधाकट माणसाला प्रयोगशाळेत खात्रीने ताण यावा आणि तो मोजता यावा, हा तिचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी निवडली नोकरीची मुलाखत. माणसाला खोलीत बोलवायचं, समोर तीन अनोळखी परीक्षक बसवायचे आणि सांगायचं, की या नोकरीसाठी आपणच कसे योग्य आहोत ते पाच मिनिटं बोला. तयारीला दहा मिनिटं आणि कागद द्यायचा, पण बोलताना तो कागद वापरू द्यायचा नाही. परीक्षकांनी हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बोलणारा मध्येच थांबला, तर ‘अजून वेळ आहे, बोला’ एवढंच म्हणायचं. मग लगेच तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करत जा, चुकलात तर पुन्हा १०२२ पासून. या प्रकाराने लाळेतल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं प्रमाण दोन ते चार पट वाढलं. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही जगभर हीच चाचणी वापरतात.

पहिल्या मुलाखतीला निघालेल्या प्रत्येक मुलामुलीला मला हे आधी सांगावंसं वाटतं. मुलाखतीला बसल्यावर तुमचे हात गार पडत असतील, घसा कोरडा होत असेल, पोटात गोळा येत असेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं मुळीच नाही. निरोगी शरीर अशा प्रसंगी असंच वागतं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्यावर आणखी एक ओझं पडतं: आता टेन्शन आलं म्हणजे तेही माझंच चुकलं. धडधड घालवण्यात शक्ती घालवू नका. ती असतानाही नीट बोलता येतं आणि तेवढं साधलं की पुरे.

आता हा ताण नेमका कशाने चढतो ते पाहू. २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या संशोधिकांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. त्यात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. एक, कुणीतरी आपली पारख करतंय ही जाणीव. दुसरी, समोर जे चाललंय त्यावर आपला काहीच ताबा नाही ही जाणीव. दोन्ही एकत्र आल्या की ताण सगळ्यात जास्त वाढतो. पहिलीवर इलाज नाही, कारण पारख करण्यासाठीच मुलाखत असते. दुसरीवर मात्र बरंच काही करता येतं आणि आपली सगळी मेहनत तिथेच लावायला हवी. प्रश्न काय येतील ते आपल्या हातात नसतं, पण पहिलं मिनिट, आपला बायोडेटा, बोलण्याचा वेग, तिथे पोचायची वेळ आणि अडखळल्यावर म्हणायचं वाक्य, एवढं सगळं आपल्या हातात असतं.

तयारी म्हणजे बहुतेकांच्या लेखी वाचन. इंटरनेटवरून ‘टॉप फिफ्टी क्वेश्चन्स’ उतरवून घ्यायचे, रात्री जागून वाचायचे, बसमध्ये पुन्हा चाळायचे. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, कारण डोळ्यांना ते ओळखीचं झालेलं असतं. तोंडाला मात्र ते वळलेलं नसतं. तेव्हा तयारी मोठ्याने बोलून करा. गच्चीवर जा, शेताच्या बांधावर जा, खोलीचं दार लावून घ्या, पण उत्तर कानांना ऐकू आलं पाहिजे. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा विचित्र वाटतो, तिकडे दुर्लक्ष करा आणि कुठे अडलो, कुठे एकच शब्द परत परत वापरला, तेवढं टिपून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या उत्तरावर खर्च करा. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ हा प्रश्न जवळपास ठरलेला असतो आणि धडधडही तेव्हाच सगळ्यात जोरात असते. म्हणजे सगळ्यात अवघड क्षणी सगळ्यात ओळखीचा प्रश्न येतो, त्याचा फायदा घ्या. दीड मिनिटाचं उत्तर तयार करा: शिक्षण काय, हाताने केलेलं एखादं काम कोणतं आणि या जागेसाठी का आलात. घरात कोण कोण आहे, छंद काय, हे विचारल्यावर सांगा. मात्र शब्दन्‌शब्द पाठ करू नका. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. चार मुद्दे लक्षात ठेवा आणि दर वेळी थोडी वेगळी वाक्यं वापरून ते बोलून पाहा. दहा वेळा बोललात की वाक्यं आपोआप सापडू लागतात.

नंतर बायोडेटा समोर घ्या. आपल्याकडे बायोडेटा फुगवायची सवय फार आहे आणि निम्मी भीती त्यातूनच येते. मित्राच्या फाइलमधून उचललेल्या ‘लीडरशिप क्वालिटी’, ‘क्विक लर्नर’ अशा ओळी, दोन दिवस शिकलेल्या सॉफ्टवेअरचं नाव, ज्याचा फक्त अहवाल छापून घेतला तो प्रोजेक्ट. अशी प्रत्येक ओळ म्हणजे ‘हे विचारलं तर?’ ही एक टांगती तलवार. पेन्सिल घ्या आणि ज्या ओळीवर दोन मिनिटं बोलता येणार नाही ती खोडा. बायोडेटा अर्ध्या पानाचा झाला तरी चालेल. उरलेली प्रत्येक ओळ तुमच्या बाजूने उभी राहील.

विषयाची तयारी करताना एक पायरी खोल जा. समजा तुम्ही मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि चाकणच्या एखाद्या कारखान्यात ट्रेनीच्या जागेसाठी बोलावणं आलंय. व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट किती, हे विचारलं जाण्याची शक्यता मोठी. ०.०२ मिलिमीटर, हे पाठ असतं. पुढचा प्रश्न येतो, ‘कसा काढला?’ पाठ करणारा इथे गप्प होतो आणि मग ‘मला काहीच येत नाही’ अशी भीती त्याला घेरते. ज्याने कॅलिपर हातात धरून कुणाला तरी समजावलेलं असतं, तो सांगतो: मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्निअरवर ५० भागांत वाटलेत, म्हणून एक भाग ०.९८ मिलिमीटरचा आणि १ मधून तो वजा केला की ०.०२. बी.कॉम. झालेल्या मुलीला बँक रिकन्सिलिएशन म्हणजे काय, हे विचारलं तर व्याख्या आठवत बसण्यापेक्षा ‘आपण दिलेला चेक समोरच्याने अजून बँकेत भरलेला नाही, म्हणून आपली वही आणि पासबुक जुळत नाही’ हे सांगणं सोपं जातं. घाबरलेल्या डोक्यातून व्याख्या निसटते, पण केलेली आणि समजावलेली गोष्ट टिकते. म्हणून ‘हे का?’ आणि ‘हे कसं?’ असे दोन प्रश्न प्रत्येक उत्तराला घरीच विचारून ठेवा.

यानंतर अभिरूप मुलाखत, म्हणजे खऱ्या मुलाखतीची रंगीत तालीम. स्पर्धा परीक्षांच्या वर्तुळात हा शब्द रुळलेला आहे. यूपीएससीच्या उमेदवारांसाठी पुण्यातली ‘यशदा’ ही संस्था अशा मुलाखती घेते. एमपीएससीच्या राज्यसेवेतही आता मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांपुढे मुलाखतीला २७५ गुण आहेत, त्यामुळे तिथली मुलं हा सराव मनापासून करतात. खाजगी नोकरीसाठी निघालेली मुलं मात्र तो सहसा करत नाहीत आणि मला याचं वाईट वाटतं, कारण त्याला खर्च काहीच नाही. ओळखीच्या शिक्षकांना, बँकेत काम करणाऱ्या शेजाऱ्यांना, नोकरीला लागलेल्या सीनिअरला वीस मिनिटं मागा. खुर्ची-टेबल मांडा, दारावर टकटक करून आत या. आणि समोरच्याला मुद्दाम सांगा, की चेहरा निर्विकार ठेवा, एखाद्या उत्तरावर ‘बरं, मग?’ एवढंच म्हणा. ट्रिअरच्या चाचणीला त्याच माणसांना पुन्हा पुन्हा बसवून पाहिलंय. बहुतेकांचा कॉर्टिसॉलचा प्रतिसाद दुसऱ्या खेपेपासूनच बराच उतरतो. थोडे लोक असे असतात, की त्यांचा लवकर उतरत नाही. तुम्ही त्यातले असाल तर सराव थोडा जास्त करा, एवढाच त्याचा अर्थ.

आता इंग्रजीबद्दल. मराठी माध्यमातून, जिल्ह्याच्या गावातून आलेल्या कितीतरी मुलांची खरी भीती मुलाखतीची नसते, इंग्रजीची असते. विषय येत असतो, पण तो इंग्रजीत सांगताना क्रियापद कुठलं लावायचं या चिंतेत विषयच हरवतो. माझं स्पष्ट मत आहे, की जिथे शॉप फ्लोअरवर, गोदामात, शाखेत मराठी-हिंदीतच काम चालतं, तिथे केवळ इंग्रजीवरून माणूस नाकारणं हा अन्याय आहे. पण उद्या सकाळी मुलाखत असेल तर आज काय करायचं, हेही सांगायला हवं. पहिलं उत्तर, तुमचा प्रोजेक्ट आणि विषयातले दहा-बारा मुद्दे छोट्या इंग्रजी वाक्यांत बसवा. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘आय मेड धिस पार्ट. इट वॉज फॉर अ पंप.’ एवढं साधं चालतं. अवघड शब्द आठवत बसू नका आणि दुसऱ्याच्या उच्चारांची नक्कल करू नका. एखादा मुद्दा अडलाच तर विचारा, ‘सर, मे आय एक्सप्लेन धिस इन हिंदी?’ किंवा पॅनेलवरच्या मॅडम मराठी असतील तर मराठीत सांगू का, असं. अर्धवट इंग्रजीत गुदमरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं आणि पुष्कळ ठिकाणी परवानगी मिळते. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्या उमेदवाराला मुलाखतही मराठीतून देता येते. देशातल्या सर्वात वरच्या नोकऱ्यांसाठी मराठी चालते, तेव्हा ती बोलताना मान खाली घालायचं कारण नाही.

आदल्या दिवशीचं काम कंटाळवाणं असतं, पण तेच सकाळची घालमेल वाचवतं. मूळ प्रमाणपत्रं, झेरॉक्स, फोटो, आधार कार्ड, कॉल लेटर, दोन पेनं एका फाइलमध्ये रात्रीच लावा. कपडे नवे असतील तर एकदा घालून तासभर वावरून पाहा, बुटांचंही तसंच. पत्ता नीट वाचा. हिंजवडीत ‘फेज वन’ आणि ‘फेज थ्री’ यांत काही किलोमीटरचं अंतर आहे आणि सकाळच्या गर्दीत ते पार करायला लागणारा वेळ बाहेरगावच्या माणसाला खरा वाटत नाही. रात्रभर एसटीत बसून थेट मुलाखतीला जाणं टाळता आलं तर टाळा. नातेवाइकांकडे, मित्राच्या कॉट बेसिसच्या खोलीवर एक रात्र काढा. तासभर आधी त्या भागात पोचा, पण गेटसमोर ताटकळत उभे राहू नका. जवळपास बसा आणि आत पंधरा-वीस मिनिटं आधी जा. चहाची सवय असेल तर नेहमीएवढाच घ्या. टेन्शनमुळे एकामागून एक तीन-चार कप झाले की कॅफिनने धडधड आणखी वाढते आणि तिचा अंमल काही तास राहतो. उपाशीही जाऊ नका. पोहे, भाकरी, जे रोज खाता तेच खा.

ऑनलाइन मुलाखत असेल तर वीज आणि नेट यांची काळजी आधी. फोन पूर्ण चार्ज, दुसऱ्या सिमचा हॉटस्पॉट तयार, एचआरचा फोन नंबर कागदावर लिहिलेला. घरच्यांना वेळ सांगून ठेवा, म्हणजे मध्येच कुकरची शिट्टी होणार नाही. बोलताना स्क्रीनवरचा स्वतःचा चेहरा दिसत राहिला तर लक्ष सारखं तिकडे जातं, म्हणून तो लपवा आणि कॅमेऱ्याकडे पाहा.

प्रतीक्षेचा तास सगळ्यात वाईट. बाजूची मुलं एकमेकांना विचारत असतात, ‘तुला काय विचारलं? किती घेतायत? ओळख आहे का?’ आत जाऊन आलेला काहीतरी भयंकर सांगतो. त्यातलं काही तुमच्या उपयोगाचं नसतं. हसून बाजूला व्हा. कागद जवळ असेल तर मनात जे चाललंय ते सरळ लिहून काढा: मला कशाची भीती वाटतेय, वाईटात वाईट काय होईल. शिकागो विद्यापीठातल्या जेरार्डो रामिरेझ आणि सायन बाइलॉक यांनी २०११ साली दाखवलं, की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं अशी भीती लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि नेहमी जास्त घाबरणाऱ्यांना त्याचा जास्त फायदा झाला. तो प्रयोग लेखी परीक्षेवरचा आहे, पण बाकावर बसून करायला यात अवघड काही नाही. लिहून झालं की कागद फाडून टाका.

श्वासाचंही सांगतो, कारण त्यामागे साधं शरीरशास्त्र आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हृदय किंचित वेगाने धडधडतं, सोडतो तेव्हा किंचित मंदावतं. म्हणून सोडणं लांबवायचं. मनात चार मोजत नाकाने घ्या, सहा मोजत हळूहळू सोडा. अशी पाच मिनिटं, खांदे सैल ठेवून. शाळेत भ्रामरी शिकला असाल तर तिच्यातही उच्छ्वास असाच लांबतो, पण तिचा आवाज होतो, तेव्हा ती घरूनच करून निघा. आणि स्वतःला ‘शांत हो, शांत हो’ असं बजावू नका. हार्वर्डच्या ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली ठरली. याचं कारण पटण्यासारखं आहे. भीतीत आणि उत्साहात शरीराची अवस्था जवळपास सारखीच असते, त्यामुळे भीतीतून उत्साहाकडे वळणं सोपं. धावणाऱ्या हृदयाला एकदम बसवणं अवघड.

नाव पुकारलं की सावकाश उठा. आत गेल्यावर नमस्कार करा, बसायला सांगितल्यावर पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर टेकवा. हात थरथरत असतील तर फाइलवर ठेवा. पाणी समोर असेल तर विचारून एक घोट घ्या. लाळ कमी झाल्यामुळे जीभ टाळूला चिकटते, त्यावर तोच उपाय. पहिलं वाक्य नेहमीपेक्षा हळू बोला. घाबरलेला माणूस वेगाने बोलतो, वेगाने बोलला की दम लागतो आणि दम लागला की अजून घाबरतो. हा फेरा पहिल्याच वाक्यात तोडता येतो.

आणि हे लक्षात असू द्या, की आतली धडधड बाहेर तुम्हाला वाटते तितकी दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ साली भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केले. आपली घबराट ऐकणाऱ्यांना किती दिसली असेल याचा वक्त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्तच निघाला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ज्यांना हे आधीच सांगितलं होतं ते चांगलं बोलले.

कधी ना कधी डोकं रिकामं होतंच, मुलं म्हणतात तसं ‘ब्लँक’ होतं. त्या क्षणासाठी एक वाक्य घरून ठरवून न्या. ‘एक मिनिट विचार करून सांगतो’ किंवा ‘प्रश्न पुन्हा सांगाल का?’ हे विचारण्यात काहीच गैर नाही. उत्तराच्या मध्यावर धागा सुटला तर थांबा, ‘माझा मुद्दा असा होता’ म्हणा आणि शेवटचं जे आठवतंय तिथून पुन्हा सुरू करा. उत्तर येतच नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ असं स्वच्छ सांगा आणि विषयाला लागून काही येत असेल तर तेवढं जोडा. थाप मारली की पुढचे तीन प्रश्न त्या थापेवरच येतात. आवाज फारच कापत असेल तर एकदाच म्हणा, ‘पहिलीच मुलाखत आहे, थोडं दडपण आलंय,’ आणि उत्तराकडे वळा. एका वाक्याहून जास्त नको आणि पुन्हा पुन्हा सॉरी तर नकोच. समोरचा माणूस हसत नसेल, खाली मान घालून लिहीत असेल, तर त्याचा अर्थ लावत बसू नका. सकाळपासून तो कितव्या उमेदवाराशी बोलतोय, कुणास ठाऊक. कधी तो मुद्दामही तसा बसलेला असतो.

बाहेर आल्यावर लगेच स्वतःची उलटतपासणी करू नका. कॉर्टिसॉल सावकाश चढतं. प्रसंग संपल्यावरही दहा-वीस मिनिटं ते वरच्या पातळीवर असतं. त्या वेळी सगळी उत्तरं चुकल्यासारखी वाटतात. तेव्हा आधी खाऊन घ्या, चालून या. आईवडिलांनाही विनंती, की मुलगी बाहेर पडायच्या आत तीन मिस्ड कॉल टाकू नका आणि तिने फोन केल्यावर ‘काय झालं, होणार का?’ याऐवजी ‘जेवलीस का?’ विचारा. घरात कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, हे मुलांना माहीत असतं. मुलाखतीच्या दिवशी त्याची आठवण करून द्यायची गरज नसते.

काहींची भीती याच्या पलीकडची असते. कॉल आला तरी जायचंच टाळलं जातं, आठवडाभर आधीपासून झोप उडते, श्वास कोंडतो, उलट्या होतात. असं वारंवार होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर चांगले उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतूनही बोलता येतं. मित्राने दिलेली धडधड कमी करायची गोळी मात्र घेऊ नका. अशा काही गोळ्या दमा असलेल्या माणसाला धोकादायक ठरतात आणि झोपेच्या गोळ्यांनी डोकं जड होतं.

संध्याकाळी वही काढा आणि विचारलेले सगळे प्रश्न आठवून लिहा. कुठलं उत्तर जमलं, कुठलं अडलं, एवढीच नोंद करा. अडलेल्या प्रश्नांची उत्तरं दोन दिवसांत शोधून त्यांच्यापुढे लिहून ठेवा, कारण त्याच क्षेत्रातल्या पुढच्या मुलाखतीत त्यातले काही पुन्हा येतील. निकाल कधी कळेल, हे निघताना एचआरला विचारायला विसरू नका. त्यांनी दिलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले की चार ओळींचा ईमेल पाठवा आणि तोपर्यंत दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज करून टाका.